नकाशातून पुसलेली फेरी

सुजाताताई,

परवा, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या आठवणीत झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या लेकीने, प्रज्ञाने, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, माईक हातात घेतला आणि तुम्ही दवाखान्यात परिचारिका म्हणून किती वर्षं नोकरी केलीत, कोणकोणत्या वस्त्यांमध्ये फिरलात, निवृत्त झाल्यावरही कशा थांबला नाहीत, हे सगळं एखादा अर्ज वाचून दाखवावा तसं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. खाली बसलो तेव्हा शेजारच्या बाईंनी मला पाण्याचा पेला दिला. त्यांना वाटलं असेल, दुःखामुळे माणसाला याहून जास्त बोलवलं नाही. खरं म्हणजे जे बोलायचं होतं ते त्या मंडपात बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. म्हणून आता लिहायला बसलोय. तुम्ही हे वाचणार नाही. वाचू शकत होतात तेव्हा मी लिहिलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आलात ती दुपार मला स्वच्छ आठवते. एप्रिलचं ऊन होतं. तुम्ही उपनगर नाक्याहून द्वारका चौकापर्यंत चालत आला होतात. फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात पुरुषांचे वाटावेत असे कॅनव्हासचे बूट. मी विचारलं, रिक्षा नाही का मिळाली? तुम्ही म्हणालात, मिळत होती, मी बसले नाही.

नाल्याकाठच्या वस्तीतल्या लोकांसाठी मी पाथर्डी फाट्याच्या पलीकडे तीन सात मजली इमारती बांधल्या होत्या. म्हणजे बांधल्या मालकाने, बिल्डरने; मी आर्किटेक्ट, नकाशे माझे. लोक राहायला येऊन वर्ष झालं होतं. दोन खोल्या, ओटा, घरात संडास, घरात नळ. ज्या लोकांनी पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात रात्री काढल्या होत्या, त्यांना मी पक्कं घर दिलं, याचा मला अभिमान होता. त्या इमारतींचा मोठा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. तुम्ही त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिलात आणि विचारलंत, यात जिना कुठे आहे?

मी टेबलावर नकाशा उलगडला आणि बोट ठेवून दाखवलं.

"काढलाय हो तुम्ही," तुम्ही म्हणालात. "चढलात का कधी?"

नव्हतो चढलो. उद्घाटनाच्या दिवशी लिफ्टने वर गेलो होतो आणि लिफ्टनेच खाली आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिकडे घेऊन गेलात. लिफ्टच्या मागे, एक जड दार ढकलून आत गेलं की माझा जिना सुरू व्हायचा. एकही खिडकी नव्हती. ट्यूबलाइट फुटलेल्या. कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी मोडकी खाट आणि पाण्याचं पिंप आणून ठेवलं होतं. एकट्या बाईने किंवा शाळेतल्या मुलीने यातून जावं, अशी ती जागाच नव्हती. लिफ्ट चालू असेल तेव्हा लोक रांग लावायचे आणि बंद असेल तेव्हा घरातच बसायचे. तुम्ही पुढे चालत होतात आणि प्रत्येक मजल्यावर थांबून माझी वाट बघत होतात. माझं वय तेव्हा चाळीस होतं आणि तुमचं साठीच्या पुढे. पाचव्या मजल्यापर्यंत मला चांगलाच दम लागला होता.

तिथे कमलबाई राहत होत्या. जुन्या वस्तीत असताना त्या दिवसभर पायावर असायच्या. पहाटे नळावर, मग चार घरची धुणीभांडी, रेशनचं दुकान, संध्याकाळी भाजीबाजार आणि येताजाता दहा दारांत उभं राहून बोलणं. नव्या घरापासून ती चार घरं फार लांब पडली, त्यामुळे कामं सुटली. नळ घरात आला. आता त्या टीव्हीसमोर बसून असायच्या. वर्षभरात अंगावर सूज आली, गुडघे धरले आणि रक्तात साखर निघाली. तुम्ही मला सांगितलंत की या तिन्ही इमारतींत तुम्ही दारोदार फिरला आहात आणि कमलबाईंसारख्या बायका मजल्यागणिक आहेत.

मी चिडलो. म्हणालो, मग काय बायांनी पुन्हा डोक्यावर हंडे वाहायचे का?

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "हंडा वाहण्यात काही मोठेपणा नव्हता," तुम्ही म्हणालात. "माझ्या आईने वाहिलाय, तिची मान मी पाहिलीय. तो त्रास तुम्ही काढलात, फार चांगलं केलंत. पण त्या त्रासाबरोबर त्यांचं चालणंही गेलं. त्याच्या जागी दुसरं काही द्यायचं तुमच्या लक्षातच आलं नाही. बाई घराबाहेर पडली तर जाणार कुठे, ते तुमच्या नकाशात नाही."

इतकी वर्षं मी हे काम करत होतो. घर किती फुटांचं, भिंत किती इंचांची, खिडकी कुठे, हे मला सगळं कळत होतं. त्या घरातला माणूस दिवसभरात किती पावलं टाकेल, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कॉलेजातही नाही. तो तुम्ही विचारलात, आणि त्यासाठी मी आजही तुमचा ऋणी आहे.

पहिलं काम आपण जुन्या जिन्याचं केलं. मालकाच्या मागे लागून प्रत्येक वळणावरची भिंत फोडली आणि सिमेंटची जाळी बसवली. उजेड आला, वारा आला. जड दार काढून टाकलं. ज्या दिवशी खाट आणि पिंप हललं, त्या दिवशी तुम्ही आणि तिथल्या बायकांनी पिचकाऱ्या धुऊन काढल्या, आणि मग कमलबाईंना हाताला धरून पाचव्या मजल्यावरून खाली आणलंत. त्यांना अर्धा तास लागला. खाली आल्यावर त्या तुमच्यावर रागावल्या, आता वर कोण नेणार म्हणून. आपण तिघेही हसलो. त्या दिवसापासून तुम्ही मला साहेब म्हणायचं सोडून भाऊ म्हणायला लागलात.

मग शेजारच्या जागेवर दुसऱ्या टप्प्याचं काम निघालं. चार मजली पाच इमारती. निम्मी घरं वस्तीतल्या उरलेल्या कुटुंबांसाठी आणि निम्मी विकायची. तुम्ही दर शनिवारी ऑफिसात यायचात आणि मला तिथून उठवून साइटवर न्यायचात. तुमची रीत वेगळीच होती. बायकांना तुम्ही कधी विचारलं नाहीत की तुम्हाला काय हवं. तुम्ही म्हणायचात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझा दिवस जसा जातो तसा मला चालून दाखव. बाई पुढे, तुम्ही तिच्याबरोबर आणि मी टेप घेऊन मागे. ही चूल, इथून अंगणवाडी, तिथून गिरणी, इथे नणंदेचं दार. रिकाम्या जमिनीवर आपण असे कितीतरी दिवस चाललो. पहिल्यांदा मला फार संकोच वाटायचा. बिगारी कामगार हात थांबवून बघत राहायचे.

त्यातून ती फेरी निघाली. दोन्ही टप्प्यांच्या आठही इमारतींना वळसा घालणारी एक वाट, गाड्यांना मनाई असलेली, दोन्ही बाजूंना करंज आणि कडुनिंब. अंगणवाडी, गिरणी, रेशनचं दुकान, भाजीचे ओटे, सगळं त्या वाटेवर विखरून. म्हणजे व्यायाम म्हणून कुणी चालायला नको, दळण टाकायला गेली तरी बाईची अर्धी फेरी व्हावी. मी नकाशावर तिला जॉगिंग ट्रॅक लिहिलं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत. साडीतली बाई जॉगिंग करत नाही, म्हणालात. "फेरी म्हणा की," असं कमलबाई म्हणाल्या आणि तेच नाव राहिलं. मी लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवायची म्हणत होतो. त्यावर तुम्ही एवढंच बोललात की वर्षभरात त्यांच्यावर गोधड्या वाळत पडतील. मी मग तोही विचार सोडला.

बाकं कुठे ठेवायची ते तुम्ही कमलबाईंना चालवून ठरवलंत. त्या जिथे थांबून श्वास घेत, तिथे तुम्ही वाकून फक्कीने पांढरी खूण करत होतात. अशा अकरा खुणा झाल्या होत्या. शेवटची खूण करून तुम्ही उभ्या राहिलात, हात झटकलेत आणि म्हणालात, भाऊ, आता हिला काही सबब नाही.

लिफ्टवरून आपलं जमलं नाही. तुमचं म्हणणं, जिना समोर आणि लिफ्ट मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी. मी म्हणत होतो की ज्याला पायच नाहीत त्याला तुम्ही मागच्या दाराने पाठवताय. तुम्ही म्हणालात, समोर दिसली की विशीतली पोरंही तिच्यात शिरतात. तीन शनिवार आपण त्यावर भांडलो. शेवटी जिना समोर, उजेडात, रुंद. आणि लिफ्ट त्याच्या बाजूला, उघड. तुम्ही मान्य केलंत, पण मनापासून नाही. जाताना म्हणालात, बघू कोण खरं ठरतंय ते.

आता फेरी मोडली त्या आठवड्याचं लिहितो.

तुम्ही त्या आठवड्यात घोटीला होतात. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. मालकाने मला बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता, कधी वाकडं बोलला नाही. चहा मागवला आणि नकाशा माझ्यापुढे ठेवला. घर विकत घेणारा आधी गाडी कुठे लागते ते बघतो, म्हणाला. आणि विकायच्या इमारती आणि वस्तीतल्या लोकांच्या जुन्या इमारती यांच्यामध्ये भिंत पाहिजे, नाहीतर घेणारे येणार नाहीत. असं का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. त्याने पेन्सिलने दोन रेघा मारल्या. एका रेघेने फेरीचा अर्धा भाग पार्किंगमध्ये गेला. दुसरी रेघ भिंतीची. तिने उरलेली फेरी मधोमध कापली.

मी वाद घातला, ताई. अगदीच गप्प बसलो असं नाही. तो म्हणाला, तुम्ही नाही केलंत तर दुसऱ्या कुणाकडून करून घेईन, आणि मग जिनेही लहान करीन, मजल्याला एकेक घर जास्त बसतं. मी म्हणालो, जिन्यांना हात लावायचा नाही. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की तेव्हाच मला कळायला हवं होतं, जिने त्याला कधी कमी करायचेच नव्हते.

मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत तुम्हाला फोन करता आला असता. घोटी काही परदेशात नाही. एकदा नंबर लावलाही, आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. मग जाऊन सुधारित नकाशावर सही केली. मनाची समजूत घातली की निम्मं तरी वाचवलं.

तुम्ही पुढच्या शनिवारी आलात त्या थेट साइटवर. मी ठेकेदाराशी बोलत उभा होतो. भिंतीच्या खांबांसाठी खड्डे खणून झाले होते आणि ते बरोबर फेरीच्या आडवे जात होते. फक्कीच्या दोन खुणा मातीच्या ढिगाखाली गेल्या होत्या. तुम्ही खड्ड्यांच्या रांगेच्या कडेकडेने नाल्यापर्यंत चालत गेलात आणि तशाच परत आलात. ठेकेदार बाजूला होईपर्यंत थांबलात. मग मला विचारलंत,

"मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलंत ना?"

याचं उत्तर एका अक्षराचं होतं. मी मालकाबद्दल बोलायला लागलो, जिन्यांबद्दल, दुसऱ्या आर्किटेक्टबद्दल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग पिशवी खांद्यावर नीट केलीत आणि म्हणालात, "ठीक आहे, साहेब."

पुन्हा भाऊ कधी झालो नाही.

दुसरी कुणी असती तर तिने येणं बंद केलं असतं. तुम्ही येत राहिलात. जिन्याच्या पायरीची उंची तुम्ही स्वतः चढून तपासलीत आणि अर्धा इंच कमी करायला लावलीत. वळणावरचा कट्टा तुमच्या सांगण्यावरून झाला, हातातली पिशवी टेकवता येईल इतक्या उंचीचा. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ते जिने सगळ्यांना आवडले. दुपारी बायका तिथे भाजी निवडत बसतात, मुलं वरखाली पळतात, सामान नसेल तर तरुण माणसं लिफ्टकडे वळतही नाहीत. एकदा एका कॉलेजची मुलं बघायला आली होती. मी त्यांना जिने दाखवले, तुमचं नाव सांगितलं, तुम्हीही तिथे होतात. एका मुलीने विचारलं, सर, मोठी माणसं चालायला कुठे जातात? मी म्हणालो, आवारातच फिरतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि दुसरीकडे बघायला लागलात.

आवारात गाड्या होत्या. चालायला लोक बाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडवर जात होते.

कमलबाईही जायच्या. तुम्ही त्यांना सोडत नव्हतात. रोज अर्धा तास, साखर खाली आणायची असेल तर दुसरा उपाय नाही, हे तुम्ही त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं आणि त्यांची साखर खरोखरच खाली येत होती. त्यांनी दोन शेजारणींनाही सोबत घेतलं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी, धुकं असताना, पिंपळगावकडून टोमॅटोचे क्रेट भरून आलेल्या एका पिकअपचा आरसा त्यांना लागला. त्या कडेच्या दगडावर पडल्या. खुबा मोडला.

आठ वाजता तुमचा फोन आला. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभ्या होतात. बाकडं रिकामं होतं, तरी उभ्या. मला बघून म्हणालात, "चालायला मीच सांगत होते हो तिला. थंडी असली तरी चुकवू नको म्हणाले."

मी म्हणालो, असं नका म्हणू.

एवढंच म्हणालो. त्याच्या पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं. आत वाट असती तर त्या रस्त्यावर गेल्याच नसत्या, आणि आतली वाट मी सही करून देऊन टाकली, हे ते वाक्य. तेवढ्यात कमलबाईंचा मुलगा आला. रात्रपाळी करून थेट आला होता, कपड्यांना कारखान्याचं तेल लागलेलं. तो तुमच्यासमोर उभा राहिला. "तुमच्या नादी लागून माझी आई रस्त्यावर गेली," म्हणाला. "कशाला चालायला लावलं तिला? घरात होती तशी बरी होती."

तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत. साठ वर्षं ओलांडलेली बाई, त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला लस देणारी, तिने त्या पोराला हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं माझं."

मी दोन पावलांवर होतो, ताई. मला सगळं ऐकू आलं. मी मधे पडलो नाही. मी खाली जाऊन औषधं घेऊन आलो.

त्यानंतर दर शनिवारी तुम्ही माझ्या ऑफिसात न येता कमलबाईंकडे जायला लागलात. पाच मजले चढून जायचात, त्यांच्या पायाचे व्यायाम घ्यायचात, पायाला तेल चोळायचात. हाड जुळलं पण पाय आखूड पडला. त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागल्या, पण जिना त्यांच्यासाठी संपला. एकदा मी तिकडे गेलो असताना त्या लिफ्टमधून वॉकर सावरत बाहेर येत होत्या आणि तुम्ही दार धरून उभ्या होतात. मला बघून म्हणालात, लिफ्टचं तुमचं बरोबर होतं, साहेब. भांडण मी जिंकलो होतो. तसं जिंकण्यापेक्षा मी हरलो असतो तर फार बरं झालं असतं. पण तेही मी बोललो नाही. मान हलवली आणि हवापाण्याचं काहीतरी विचारलं.

आपण बाकांवरून भांडलो, झाडांवरून भांडलो, करंज लावायचा की बदाम यावरून एक पूर्ण दुपार घालवली. भिंतीच्या या एका गोष्टीवर मात्र भांडलो नाही. भांडलो असतो तर ती संपली असती.

तुमचं दुखणं कळलं तेव्हा फार थोडे दिवस उरले होते. प्रज्ञाचा फोन आल्यावर मी त्याच संध्याकाळी आलो. तुम्ही कॉटवर नव्हतातच. सलाइनचा स्टँड एका हाताने ढकलत वॉर्डाच्या पॅसेजमध्ये सावकाश चालत होतात. सिस्टर तुम्हाला दटावत होती आणि तुम्ही तिला, मीही सिस्टरच होते गं, असं सांगत होतात. मी तुमच्याबरोबर चाललो. ठरवून आलो होतो की आज सांगायचं. पॅसेजच्या टोकाला खिडकी होती. तिथे थांबून तुम्हीच आधी बोललात. भिंत नाल्यापाशी संपते, म्हणालात. तिथून माणूस वळून पलीकडे जाईल एवढी जागा आहे का?

मी म्हणालो, बघतो.

"बघू नका. मोजा."

मग सिस्टर आली, प्रज्ञा चहा घेऊन आली, तुम्हाला थकवा आला. मी मोसंबी सोलून दिली. त्यातल्या दोन फोडी तुम्ही खाल्ल्यात. पुढच्या शनिवारी यायचं ठरवलं आणि त्या दिवशी पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजच्या कामाला गेलो. मंगळवारी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी मी एकटा टेप घेऊन नाल्यावर गेलो आणि मोजलं. जागा आहे. दोन बायका शेजारी शेजारी चालतील एवढी, तिसरी मागे राहील. मागच्या रविवारी दोन्ही सोसायट्यांची बैठक घेतली. गाडीवाल्यांनी विरोध केला. एक गृहस्थ म्हणाले, इकडून तिकडे कुणीही येईल. एक शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या की माझी आईही सर्व्हिस रोडवरच चालते, तिला काही झालं तर तुम्ही येणार का? बराच गलका झाला. शेवटी नाल्याकडून छोटं फाटक करायचं आणि सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवायचं, एवढं ठरलं. आधी सहा महिने, मग पुढचं पुढे. फेरी नाही झाली, ताई. तिचा एक तुकडा झाला. आणि तो करायला एक दुपार लागली. चार वर्षं तो होऊ शकत होता. मी तिकडे गेलोच नाही, कारण त्या भिंतीजवळ उभं राहायची मला भीती वाटायची.

काल कमलबाईंकडे गेलो. जिन्याने गेलो. त्या वॉकर बाजूला ठेवून मेथी निवडत बसल्या होत्या. तुमच्या कार्यक्रमाला त्यांना येता आलं नव्हतं, त्याची हळहळ करत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मालक, पेन्सिलच्या दोन रेघा, घोटी, न लावलेला फोन, सही. हॉस्पिटलात त्यांचा मुलगा तुम्हाला बोलत होता तेव्हा मी गप्प का राहिलो, तेही सांगितलं.

त्यांचे हात बराच वेळ थांबले नाहीत. जुडी संपल्यावर त्यांनी काड्या गोळा केल्या.

"दर शनिवारी यायच्या," त्या म्हणाल्या. "पाय चोळायच्या आन जाताना म्हनायच्या, कमल, माझ्यामुळं झालं गं तुझं हे. मी म्हनायची, नाय हो ताई. पन त्यांना कधी पटलंच नाय. लय मनाला लावून घेतलं व्हतं त्यांनी."

मी जमिनीवर राहिलेली एक काडी उचलून त्यांच्या ढिगात टाकली.

"मंग हे त्यांना सांगायचं व्हतं," कमलबाई म्हणाल्या. "मला सांगून आता काय व्हनार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही. मेथीची परात उचलून माझ्या हातात दिली, ओट्यावर ठेवायला. मी ठेवली आणि उतरून आलो.

तर आता इथे लिहितो. तुम्ही कमलबाईंना चालायला सांगितलंत, ते बरोबरच सांगितलंत. त्यांना रस्त्यावर मी पाठवलं, ताई. तुम्ही नाही.